सतरा सक

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही — आणि जिला सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच.

सतराचा पाढा मला यायचाच नाही. सोळापर्यंत कसं तरी ढकलायचे, सतराला अडायचे. शाळा सुटण्याआधी वर्गातली सगळी पोरं एका सुरात पाढे म्हणायची, तेव्हा मी नुसते ओठ हलवायचे. शेवटी चौथीत नापास झाले आणि धाकटी शकुन माझ्याच वर्गात येऊन बसली. तिला एकदा ऐकलं की पाठ! चुलीत काडी सारता सारता म्हणायची. चीड यायची मला — तिची की स्वतःची? दोघींचीही.

आमचं खेडं सिहोऱ्याजवळ. पाचवीला बाहेरगावी जावं लागे. आई रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला गेली की तान्ह्या भावाला सांभाळायला घरी कुणीतरी हवंच. बाबांनी ठरवलं, जिचे पाढे चोख ती पुढे शिकेल, दुसरी घरी राहील. आता सांगा, माझं काय व्हायचं होतं?

त्यातच शकुन तापाने फणफणली. वर्गात सतराचा पाढा झाला तेव्हा ती घरी गोधडीत. मी मात्र त्या खेपेला रडत-कुढत तो एकदाचा पाठ केला. "ताई, मले सांग ना," ती म्हणाली. मी तिच्या उशाशी बसले, कपाळावरची ओली पट्टी बदलली आणि सांगू लागले. सतरा पंचे पंच्याऐंशी. सतरा सक —

एकशे आठ.

चुकून? नाही हो. तेच पुन्हा पुन्हा घोकून घेतलं तिच्याकडून.

ती बरी झाली आणि पुन्हा शाळेत जायच्या आधीच बाबांनी दोघींना ओसरीवर बसवलं. शकुन धडाधड म्हणत गेली आणि नेमकं तिथे बाबांनी थांबवलं. "हे काय सांगून रायली, पोरी?" तिने पुन्हा एकशे आठच म्हटलं. मग माझ्याकडे पाहिलं — संशयाने नाही, आधारासाठी. मी मान खाली घातली. ती इतकी गांगरली की पुढचे अठरा-एकोणीसही विसरली. माझी पाळी आली. मी बिनचूक म्हटलं.

मी शिकले, नोकरीला लागले, साकोलीला घर केलं. शकुन रोवणेच करत राहिली.

परवा ती आली होती. माझ्या लेकीचे पाढे अडत होते आणि मी तिच्यावर खेकसत होते. कुणावर खेकसत होते, देव जाणे! शकुनने पोरीला जवळ ओढलं. "वरडू नको, ताई. माह्यासारखंच डोकं असन तिचं. तुनं तर मले तापात बसून शिकवलं, तरी कुठं शिरलं?"

मी चहा गाळत होते. गाळत राहिले.

शकुन, तुझं डोकं चांगलं होतं. सतरा सक एकशे दोन. मला तेव्हाही येत होतं.