उलट्या हाताची आरती

बोरी बुद्रुकमध्ये आरती नावाच्या तिघी आहेत. एक डेअरीवाली आरती, दुसरी शाळेतली आरती मॅडम आणि तिसरी आपली, सावळारामची, उलट्या हाताची आरती. हे नाव काही तिला बारशाला मिळालेलं नाही. ते तिने सव्विसाव्या वर्षी हितेशशेठच्या फाटकाचा खांब पाडून स्वतः कमावलं.

पण खांबाआधीचं आधी सांगायला हवं, नाहीतर पोरगी अडाणी होती असं वाटायचं. बारावी झाली त्या वर्षी बापाची, सावळारामची, कंबर धरली ती धरलीच, आणि घरचा ट्रॅक्टर आरतीकडे आला. ऊस, कांदा, शेणखत, जे असेल ते दोन चाकांच्या ट्रॉलीत भरायचं आणि ओढायचं. पुढे काय, कोणीही नेतं. ट्रॉली मागे घेणं हे खरं काम. ट्रॉलीचं शेपूट डावीकडे न्यायचं तर स्टेअरिंग उजवीकडे फिरवावं लागतं, आणि उजवीकडे न्यायचं तर डावीकडे. सावळाराम अंगणात खाटेवर पडल्या पडल्या ओरडायचा, "उलट फिरव! तुला वाटतंय त्याच्या उलट!" दोन हंगामांत ते आरतीच्या हातात असं बसलं की गोठा आणि विहिरीच्या मधल्या बोळातून ती भरलेली ट्रॉली मागच्या मागे घालायची, तीही आईशी भांडत भांडत.

भांडण बहुतेक एकाच विषयावर असायचं. "पावणं यायचं म्हनलं की ही ट्रॅक्टरखाली! हात बघा तिचं, ग्रीसनं काळंकुट्ट," बयाबाई म्हणायची. आरतीचं लक्ष भलतीकडेच होतं. ऊस घेऊन जाताना हायवेवर ट्रक तिला मागे टाकून जायचे, कर्नाटकाचे, तमिळनाडूचे, राजस्थानचे, आणि तिला चक्क राग यायचा. आपण कारखान्यापर्यंत जाणार आणि तिथूनच परत फिरणार. तिला रस्ता संपतो तिथपर्यंत जायचं होतं. तिने जड वाहनाचं लायसन काढलं. पहिल्या खेपेला मागे घेण्यातच नापास झाली, दुसऱ्या खेपेला कशीबशी पास झाली आणि झालं गेलं विसरून गेली. तेवढं विसरायला नको होतं.

हितेश हा जुन्नरच्या बाजारपेठेतल्या पोपटलालशेठचा नातू. आजोबांनी किराणा विकला, नातू द्राक्षं परदेशी पाठवतो. नारायणगावच्या रस्त्याला त्याचं द्राक्षं निवडून पेट्यांत भरायचं पॅक हाऊस आहे. आरती त्याच्याकडे पिकअपवर लागली. मळ्यामळ्यांतून द्राक्षांचे क्रेट आणायचे, हे तिचं काम. मळ्यात जागा मोकळी, पिकअप वळसा घालून फिरवली की झालं, मागे घ्यायची वेळच यायची नाही. वर्षभराने तिने ट्रक मागितला. हितेश नाही म्हणाला नाही. "ताई, ट्रक मागे घेत फाटकातून आत लावून दाखवा, गाडी तुमची," एवढंच बोलला.

आरतीने आरशात पाहिलं. मागचं टोक डावीकडे न्यायचं होतं. ट्रकला शेपूट वेगळं नसतं, जिकडे न्यायचं तिकडेच स्टेअरिंग फिरवायचं, हे तिला तोंडपाठ होतं. पण हातांना कोण सांगणार? ते सवयीने उलट गेले आणि खांब आडवा झाला. कोणा हमालाने त्याच दिवशी नाव ठेवलं, आणि आरती घरी पोचायच्या आत ते एसटीने गावात पोचलं.

हितेशचा जुना ड्रायव्हर कुशाबा, तीस वर्षं ट्रकवर काढलेला. त्याला तिची दया आली की खांबाची, कोण जाणे, पण तो रोज सकाळी तिला मोकळ्या मैदानात शिकवू लागला. ड्रायव्हर लोकांत एक रीत आहे. गाडी मागे घेताना मागे उभा राहणारा "येऊ द्या उस्ताद, येऊ द्या" असं ओरडतो. आरतीसाठी कुशाबा ओरडायचा, "आण... आण... आगं मसणात चालली का, थांब!" आरतीला त्या 'उस्ताद'चा फार हेवा वाटायचा. महिनाभराने पाचांतल्या चार वेळा गाडी बरोबर जाऊ लागली. पाचव्या वेळी हात दगा द्यायचे.

"पोरी, डोकं तुझं डायवरचं झालंय," कुशाबा म्हणाला, "पन हात अजून ट्रॅक्टरवरच हाईत."

एका शुक्रवारी हितेशने तिला बाजूला बोलावलं. "ताई, सोमवारपासून ट्रकवर संगमनेरचा एक ड्रायव्हर येतोय. तुम्ही पिकअप सांभाळा. वाईट वाटून घेऊ नका."

वाईट तर वाटलंच. घरी आल्यावर बयाबाईने भांडण काढून पाहिलं, तरी ती भांडली नाही.

शनिवारी सकाळी क्रेट घेऊन येताना पॅक हाऊसच्या अलीकडे रस्ता तुंबलेला दिसला. हितेशने जुना ट्रेलर घेतला होता. इंजिनाची मुंडी वेगळी, मागे चाळीस फुटी सांगाडा आणि त्यावर गारेगार कंटेनर. कुशाबाने तो चाकणहून सरळ पुढे पुढे झकास आणला होता. आता मागे घेऊन फाटकातून आत घालायचा, द्राक्षं भरायची आणि संध्याकाळपर्यंत न्हावा शेवा बंदर गाठायचं. पण तासभर झाला तरी ट्रेलर आत जायला तयार नव्हता. कुशाबा डावीकडे फिरवायचा, शेपूट उजवीकडे जायचं. एसटीतली माणसं खाली उतरली होती आणि उतरलेला प्रत्येक जण ड्रायव्हर झाला होता. "डावी मार!" "आरं उजवी, उजवी!" कुशाबाचा सदरा घामाने चिंब झाला होता.

आरती पिकअपच्या बंपरवर चढली. तिने पाहिलं आणि तिला हसूच फुटलं. "आगं बया, ही तर ट्रॉली हाय!"

ती पळत गेली, खिडकीशी उभी राहिली. "मामा, उलट फिरवा. तुमाला वाटतंय त्याच्या उलट."

कुशाबाने मान डोलावली, गियर टाकला, आणि हात तीस वर्षांच्या सवयीने सरळच गेले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. त्याने स्टेअरिंग सोडलं आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिला.

"हात ऐकंनात गं," तो म्हणाला.

हे दुःख आरतीला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. "तुमी उतरा मामा, मागं उभं ऱ्हावा," ती हळूच म्हणाली.

हितेशने नव्या बांधलेल्या खांबाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "ताई, खांब..."

"खांब जागेवर ऱ्हाईल, शेठ."

वर चढून बसल्यावर मात्र तिने आरशात खांबाकडे दोनदा पाहिलं. आज चुकलं तर ट्रक सोडाच, पिकअपही हातात राहिली नसती. तिने रिव्हर्स टाकला, आणि महिनाभर ज्या हातांना ती दटावत होती त्यांना म्हणाली, जा बाबांनो, कुठं जायचं तिथं. हात उलट गेले. शेपूट डावीकडे वळलं, फाटकाकडे. एकदा गाडी पुढे घेऊन तिने सरळ केली आणि पुन्हा मागे घेतली. बघ्यांचे सल्ले एकेक करून बंद पडले.

मागे खांबापाशी कुशाबा उभा होता. "आण..." त्याने सुरुवात केली आणि तो मध्येच थांबला. मग सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा ओरडला, "येऊ द्या उस्ताद, येऊ द्या!"

आरतीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आरसा दिसेना. तिने ब्रेक दाबला, ओढणीने डोळे पुसले आणि उरलेले दहा फूट गाडी अगदी बेताने मागे घेतली. कंटेनर माल भरायच्या फलाटाला टेकला. खांब जागेवर होता.

"संगमनेरवाला ट्रकवर बसेल," हितेश तिच्या हातात किल्ली ठेवत म्हणाला. "ट्रेलर तुमचा."

दुपारी माल भरून ती निघाली. शेजारच्या सीटवर कुशाबा बसला होता, आणि ट्रेलर मागे घेताना उलट फिरवलेलं स्टेअरिंग सरळ कधी करायचं हे वाटभर विचारत होता. दिवस मावळायला बंदर आलं. क्रेनच्या मागे पाणीच पाणी. तिने घरी फोन लावला.

"आप्पा, रस्ता संपला. पुढं समुद्र हाय!"

पलीकडे खाट करकरली. "मग उलट फिरव," सावळाराम म्हणाला.