ट्रॉली धरून चालणारा माणूस

मस्कतमध्ये सकाळी फिरायला जायचं म्हणजे हायपरमार्केटमध्ये जायचं. बाहेर आठ वाजताच जीव नकोसा व्हायचा, म्हणून आमच्या ओळखीचे सगळे बायपासवाले, साखरवाले, गुडघेवाले त्या थंडगार दुकानात चकरा मारायचे. नुसतं फिरलं की सिक्युरिटीवाला मागे लागायचा, म्हणून प्रत्येकाने एकेक रिकामी ट्रॉली धरायची. तांदूळ, साबण, पंखे, परत तांदूळ. शेवटी लाजेखातर कढीपत्त्याची एक जुडी घ्यायची. आमचा फ्रिज कढीपत्त्याने भरला होता.

ह्यांचं बायपास होऊन आठ महिने झाले होते. ट्रॉली आधी सिक्युरिटीवाल्यासाठी होती, मग ती ह्यांच्याच हाताला चिकटली. सोडली की दोन पावलांत घाम. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, भीती तेवढी काढून टाका. जसं काही भीती म्हणजे दाढच. मी तरी कुठे शहाणी? जिभेखाली ठेवायची गोळी मुठीत आवळून ह्यांच्या मागे चालायची. ह्यांना वाटायचं, हिच्या हातात गाडीची किल्ली आहे.

अशात कंपनीने ह्यांना पंप तपासायला चीनला पाठवायचं काढलं. मॅनेजरने स्पष्ट सांगितलं, तिथे दिवसभर जिने चढायचे आहेत. जमत नसेल तर दुसऱ्याला पाठवतो, आणि मग तुम्ही कायमचं घरी जायचं बघा. हे "इन्शाल्ला, जमेल" म्हणून आले आणि मला म्हणाले, "तू पण चल." आता जिने काय मी चढणार होते?

चीनला पोचलो, आणि कारखान्यात जायच्या आदल्या दिवशी सकाळी मी ह्यांना हॉटेलसमोरच्या बागेत नेलं. माझ्या पर्सचा पट्टा धरून ह्यांनी रस्ता ओलांडला. मी म्हटलं, "तळ्याला एक फेरी मारायची. काहीही न धरता. नाहीतर मी आत्ता मॅनेजरला फोन करते." मला रागच आला होता. माणूस जिवंत आहे आणि त्याला कुणी सांगितलंच नाही, असं सगळं चाललं होतं.

बागेत एक आजोबा झाडाला पाठ आपटत होते, झाडाची काही हरकत दिसत नव्हती. एक बाई उलटी चालत होती आणि कुणालाही धडकत नव्हती. एक गृहस्थ केरसुणीएवढा ब्रश पाण्यात बुडवून फरशीवर सुंदर अक्षरं काढत होते. पहिली ओळ वाळून जायची, तोवर ते गृहस्थ तिसरीवर. आम्ही दोघं इस्त्रीच्या कपड्यांत उभे, बाग तपासायला आल्यासारखे.

पुढे चाळीसेक बायका ओळीत नाचत होत्या. त्यांच्यासमोर चाकांच्या गाडीवर लाउडस्पीकर होता, आणि गाडीला दांडा. माझं लक्ष नाचाकडे गेलं. वळून बघते तर ह्यांनी दांडा धरलेला, आणि चालायला लागलेले. सवयीने. त्यांचा चेहरा इतका निवांत होता की मला ओरडताही येईना.

गाणं निघालं ते ह्यांच्याबरोबर. आणि बायका थांबल्या नाहीत हो. नाचत नाचत गाण्यामागे निघाल्या. चाळीस बायका मागे लागलेल्या बघून ह्यांनी वेग वाढवला. मान मागे करून "खलास, खलास", म्हणजे पुरे, पुरे, म्हणायला लागले. परक्या देशात ह्यांच्या तोंडी नेहमी अरबीच येतं. बायकांना तो इशारा वाटला असावा, त्यांनीही वेग वाढवला. मी सगळ्यांच्या मागे, साडी वर धरून, एका आजीच्या तालावर हात हलवत. का हलवत होते, मला विचारू नका.

पुलाजवळ गुलाबी शर्टातल्या त्यांच्या म्होरक्या बाईंनी ह्यांना कंबरेने अलगद बाजूला सारलं आणि गाडी वळवून घेतली. गाणं परत फिरलं, बायका परत फिरल्या. हे पुढेच चालत राहिले. दोन्ही हात समोर, मुठी वळलेल्या, मुठींत काहीच नाही. अर्धं तळं मी त्यांच्या मागून चपलांचा आवाज न करता चालले.

फेरी पुरी झाली तेव्हा ह्यांनी हातांकडे बघितलं.

"ट्रॉली कुठे गेली?"

"पुलावरच काढून घेतली."

ह्यांनी हात खाली सोडले आणि म्हणाले, "अजून एक मारू या."

मी हो म्हणाले आणि गोळी चाचपायला मूठ दाबली. मूठ रिकामी होती. गोळी नाचताना तळ्याकाठी कुठेतरी पडली होती, आणि दुसरी होती हॉटेलवर. ह्यांना मी ते अजून सांगितलेलं नाही. दुसरी फेरी आम्ही दोघांनी मोकळ्या हातांनी मारली.