सुकाणूवरचं कापड

रोमानियातल्या आमच्या ब्राशोवच्या, छोटी विमानं बनवणाऱ्या मॉडेल क्लबात दोन शहाणी माणसं एका हिरव्या रंगावरून चार वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. त्यातला एक मी. आय.ए.आर. ८० हे आमचं लढाऊ विमान, युद्धात इथंच बनलं आणि नंतर झाडून सगळं भंगारात गेलं. मूळ रंग पाहिलेली ओळखीत एकच उरली होती, वेतुरियामावशी. आणि तिला रंगाचं काडीचं सोयरसुतक नव्हतं.

मावशी विमानाच्या कारखान्यात शिवणकाम करायची. विमानाचं अंग धातूचं, पण शेपटीचं सुकाणू कापडाचं. सांगाड्यावर कापड ताणायचं, मेणाच्या दोऱ्यानं दर दोन बोटांवर गाठ मारायची, मग वर रंग. चव्वेचाळीसच्या मार्चमध्ये ती तापानं फणफणली होती, तरी कामावर गेली. लवकर सुटावं म्हणून एका सुकाणूवर तिनं गाठी चार-चार बोटांवर मारल्या. मन खाऊ लागलं, तेव्हा सगळ्यात खालच्या गाठीत लाल-पांढरा दोरा ओवला, मार्चमध्ये आम्ही मनगटाला बांधतो तो, शुभाचा.

विमानाचा क्रमांक तिनं पाठ केला होता. जूनमध्ये बातमी आली की तेच विमान प्लोएश्तच्या अलीकडं एका गावात पडलं, वैमानिकासकट. त्या दिवसापासून पन्नास वर्षं तिला एकच विचार छळत होता, माझ्या गाठी सुटल्या असतील का? ज्याला विचारावं तो म्हणे, "जाऊ दे गं, युद्ध होतं." ह्या उत्तराची तिला मनस्वी चीड होती.

यंदा मी त्या गावाचा माग काढला. ते सुकाणू इलारियोन नावाच्या म्हाताऱ्याकडं कोंबड्यांच्या खुराड्याचं दार होऊन बसलं होतं, कापडासकट! मी फोनवर दहादा बजावलं, "काका, ईस्टरच्या आदल्या दिवशी येतो. तोवर हात लावू नका."

"लावतो कशाला!" काका म्हणाले.

शनिवारी मावशीला घेऊन मी पोचलो. अंगणात उघडाबोडका सांगाडा भिंतीला टेकून लखलखत होता.

"पाहुणे यायचे म्हणून घासूनपुसून ठेवलाय," काका खुशीत म्हणाले.

"आणि कापड?"

"ते जुनेर? गुरुवारी जाळलं."

सणाआधीच्या गुरुवारी आमच्याकडं मेलेल्यांना ऊब मिळावी म्हणून अंगणात जाळ करतात, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण म्हणून हे जाळायचं?

"त्या पोराला इथं कोण आहे?" काका म्हणाले. "आमच्याच बागेत पडला बिचारा. दरवर्षी त्याच्या नावानं चार काटक्या टाकतो. यंदा म्हटलं, त्याचं आहे ते त्याला देऊ."

मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. "निदान रंग कोणता होता?"

"हिरवा."

"कसला हिरवा?"

"हिरवा म्हणजे हिरवा! शहरात गवत उगवत नाही वाटतं?"

"रंग गेला खड्ड्यात!" मावशी माझ्यावर कडाडली. मग काकांकडं वळली. "भाऊ, कापड निघालं कसं? ओढलं आणि आलं?"

"ओढून? दोन जावई लटकले, ढिम्म हललं नाही. मग एकेक गाठ सुरीनं कापली. मटण कापायची सुरी ऐन सणात बोथट केली म्हणून बायको बोलत नाही माझ्याशी. ती खालची तेवढी राहू दिली. शुभाचा दोरा होता तिच्यात, कापवेना."

मावशी गुडघ्यांवर बसली. सांगाड्याच्या तळाशी एकच गाठ उरली होती, तिच्यातला लाल दोरा विटून गुलाबी झालेला. तिनं नख घालून ओढली. मग दातांत धरून ओढली. गाठ जागची हलली नाही. मावशी तिथंच हमसून हमसून रडू लागली.

काका घाबरले. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आमचं काही चुकलं का?"

माझा हिरवा कायमचा राख झाला होता. तोंडात आलेली शिवी मी गिळली आणि म्हणालो, "नाही, काका."

"ताप होता रे मला," मावशी त्या गाठीला सांगत होती, "तरी तू धरून राहिलीस."