हत्तिणीचं गाऱ्हाणं

प्राणिसंग्रहालयातली हत्तीण म्हातारी झाली होती आणि तिला तिथून हलवायचंच, असं मी ठरवलं होतं. मी गुरांच्या डॉक्टरांच्या हाताखाली कामाला. रोज सकाळी तिचे पाय धुवायचे, नखांभोवतीचा पू काढायचा, मलम भरायचं. सिमेंटवर उभं राहून राहून तिचे तळवे फाटले होते. दिवसभर हा पाय टेक, तो उचल, एवढंच तिचं चाले. परराज्यात म्हाताऱ्या हत्तींना सांभाळणारं एक रान आहे. मऊ माती, तळं, माणसांची गर्दी नाही. त्यांनी हो म्हटलं, वरून परवानगीही आली. अडलं होतं एका माणसापाशी.

तो माणूस म्हणजे तिचे माहूत. नार्वे गावचे, एकटेच राहणारे, मी त्यांना काका म्हणायची. रोज पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, दोन उंडे आणायचे, गोल कडक पाव. एक चहाबरोबर स्वतःला, एक तिला. त्यांनी पुढे होऊन बोलावल्याशिवाय ती ट्रकात पाऊल टाकणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि काका रोज म्हणत, "फाल्यां बघूया."

उद्या उद्या करत त्यांनी परस्पर वाड्यावरच्या देवीला कौल लावला. ओल्या पाकळ्या मूर्तीला चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे आपलं म्हणणं देवीपुढे मांडायचं, उजवीकडची आधी पडली की होकार. उजवीच पडली. दुसऱ्या दिवशी स्वारी खुशीत.

"देवीन सांगला गे चेडवा. ती खंय जावची नाय."

मला राग आला, पण देवीचा नाही. मी इब्रामपूरची, कौल मला नवा नाही. मी विचारलं, "काका, गाऱ्हाणां काय घातलात?"

"इतकी वर्सां माझ्याकडे आसा, माझ्याकडेच रवांदे, म्हटलंय."

"पायांचां सांगलात?"

"देवीक सगळां दिसता."

"मग सांगूक कित्याक भियालात?"

अर्धं गाऱ्हाणं घातलं तर कौलही अर्धाच, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. मीही हट्टाला पेटले. सुट्टीच्या दिवशी त्यांना स्कूटरवर मागे बसवलं आणि थेट देवळात नेलं.

भटजींनी पाकळ्या लावल्या. काकांनी हात जोडले. मग बोलू लागले. नखांतला पू. फाटलेले तळवे. खाली बसली तर उठता येणार नाही म्हणून ती भिंतीला टेकून उभ्यानेच झोपते, हे तर मलाही माहीत नव्हतं. भटजी पाकळ्यांकडे बघत होते, मी काकांकडे. शेवटी ते म्हणाले,

"तिका हंय बरां नाय, माका म्हायती आसा. माकाच एकट्याक रवाक भंय वाटता, म्हणान धरून ठेवलंय."

एवढं बोलून ते वळलेच. पाकळ्या जिथल्या तिथे होत्या. भटजी म्हणाले, "थांब रे, कौल येऊं दी."

"आता नको," काका म्हणाले आणि चपला शोधू लागले. पायरीवर त्यांनी मला विचारलं, "ट्रक कधी हाडतत?"

मला रडू आलं. इतके दिवस त्यांच्याशी भांडले, आणि या भीतीबद्दल एकदाही विचारलं नव्हतं.

ट्रक आला त्या सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे दोन उंडे आणले. एक ट्रकाला लावलेल्या फळीच्या तोंडाशी धरला, दुसरा पार आत. ती चढली. काकांनी त्या दिवशी चहा नुसताच घेतला.