बसवलेला ढग

विश्रामबागेत आम्हा हौशी फोटोग्राफरांचे फोटो छापून देणारा तो माणूस बोलताना आपल्याकडे कधी बघायचा नाही, फोटोकडेच बघायचा. रिकामं आभाळ दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे. दुष्काळात मी आटपाडीकडचा एक धनगर टिपला होता, वर कोरडं ठणठणीत आभाळ. या गृहस्थानं छापताना दुसऱ्याच निगेटिव्हमधला ढग त्यात बसवला. मी भडकलो, तर म्हणतो, "आवं, परीक्षकांस्नी ढग लय आवडत्यात." स्पर्धेची मुदत संपत आली होती. त्याला शिव्या घालत मी तोच फोटो पाठवला आणि पहिलं बक्षीसही घेतलं. तो राग अजून गेलेला नाही. नंतर फोटो धनगराला दाखवला. त्यानं ढगावर बोट ठेवलं.

"ह्यो ढग कवा आलता? आमी तर रोज वरच बघत हुतो."