गालानं तपासलेले घोडे

पाळणेवाले आप्पा घोड्याला गाल लावायचे. आमचं गाव बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शेजारचं. आमच्या गावच्या जत्रेत हे बेळगुंदीचे आप्पा दरवर्षी लहान मुलांचा गोल पाळणा आणायचे. मध्ये खांब, भोवती सहा लाकडी घोडे आणि फिरवायला स्वतः आप्पा. पाळणा उभा झाला की ते एकेका घोड्याच्या पाठीवरून, मानेवरून गाल फिरवायचे. मला वाटलं, पापेच घेतायत. मी खुदकन हसले तशी म्हणाले, "हसू नको गं आक्का. हाताला घट्टे पडल्यात, हाताला कुसळ कळत न्हाय. गालाला कळतंय." कुठं खरखर लागली की काचेच्या तुकड्यानं तासायचे, पुन्हा गाल लावायचे. हे झाल्याशिवाय एकही पोर वर चढायचं नाही.

सगळ्यांत बारकं पोर ते आपल्या समोरच्या घोड्यावर बसवत आणि दांडा धरून पाळणा ओढत उलटे चालत. नजर त्या पोराच्या तोंडावर. तोंड जरा कसनुसं झालं की वेग कमी. नऊ वर्षांची मी मात्र कंटाळायची. एकदा म्हटलं, "आप्पा, ह्यापेक्षा आमची बैलगाडी जोरात जाते!"

"मग जा की मोठ्या पाळण्यात. ह्यो बारक्यांचा हाय. त्यास्नी भ्या दावायला मी बेळगुंदीस्नं आलोय व्हय?"

मी दोन दिवस फुरंगटून बसले होते.

आणीबाणी उठल्यानंतरच्या वर्षी जत्रेत इंजिनावर फिरणारा पाळणा आला. पत्र्याचे घोडे, रंगीत दिवे, वर कर्णा. जत्रेच्या पंचांनी आप्पांना सांगितलं, "पिंपळाखालची तुमची जागा पायजे तर इंजिन बसवा. न्हायतर त्या इंजिनवाल्याला देतो." सावली तेवढीच होती. चैत्राच्या उन्हात तान्ह्यातान्ह्यांना घेऊन दुसरीकडे कोण येणार? आप्पांनी निमूटपणे पुतण्याच्या गुऱ्हाळातलं इंजिन आणलं, पट्टा जोडला.

पहिल्या फेरीला माझा तीन वर्षांचा भाऊ बाळू होता. मीच हौसेनं त्याला बसवलं. इंजिन धडधडलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आप्पा इंजिनापाशी उभे, त्यामुळे बाळूचा घोडा फेरीतून एकदाच त्यांच्यासमोर यायचा. बाळू आ वासून रडत होता आणि त्या आवाजात ते कुणालाच ऐकू येत नव्हतं. आप्पांना दिसलं, त्यांनी झटक्यात इंजिन बंद केलं, पण पाळणा आणखी तीन फेऱ्या घेऊनच थांबला. बाळूला लागलं काही नव्हतं, नुसता थरथरत होता. आप्पांनी त्याला खांद्यावर घेतलं ते किती तरी वेळ खाली ठेवलं नाही. "चुकलं रं लेकरा माझं," एवढंच पुटपुटत राहिले.

मग पंचांसमोरच त्यांनी पट्टा काढला. "हिथनं मला पोरांची तोंडं दिसंनात. तुमची जागा तुमास्नी," म्हणाले आणि उरलेली जत्रा हातानंच पाळणा ओढला. तिसऱ्या दिवशी बाळू आपणहून जाऊन त्यांच्या समोरच्या घोड्यावर बसला. आप्पा इतके हळू चालले की मला वाटलं, पाळणा फिरतोय की नाही!

पुढच्या वर्षी पिंपळाखाली पत्र्याचे घोडे होते. आप्पा विहिरीपलीकडे उन्हात, धोतराचा सोगा डोक्यावर घेऊन बसलेले. आई आम्हाला तिकडं घेऊन गेली, पण दुसरं कुणी फारसं फिरकलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी ते आले नाहीत. बाळूला मी त्या दिवशी बसवलं नसतं तर जागा राहिली असती का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. वाईट वाटतं ते वाटतंच.

पुढं मी बेळगावात बालवाडीत शिकवायला लागले. एकदा नवी लाकडी घसरगुंडी आली. मुलं रांग लावून उड्या मारत होती. सुतार ऐटीत म्हणाला, "हात फिरवून बघा बाई, कशी गुळगुळीत हाय." मी हात फिरवला. खरंच गुळगुळीत होती. तरी मी वाकले आणि गाल लावला. शिपाईमामा तोंडाला रुमाल लावून हसायला लागले.

मधोमध, जिथं पोरांच्या उघड्या मांड्या घासणार होत्या तिथं, गालाला टोचलं.

मुलांना थांबवलं आणि सुताराला म्हटलं, "काचेचा एखादा तुकडा आहे का हो?"