बोनेटवरची जागा

डोमाजी एकतीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर होते. अकोला-अमरावतीच्या सपाट रस्त्यावर कोणत्या बाभळीची सावली कोणत्या वेळेला डांबरावर येते, ते त्यांना घड्याळ न पाहता कळायचं. पण त्यांचं नाव झालं ते परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढणाऱ्या घाटानं.

जुन्या गाड्यांत ड्रायव्हरच्या डाव्या हाताला इंजिनाचं बोनेट असायचं, वर गोधडी घातलेलं. गाडी भरली की कोणी ना कोणी ओळख काढून तिथं टेकायचाच. डोमाजीही बसू द्यायचे. एकदा घाटात असाच बसलेला एक दारू प्यालेला माणूस उठला, "मले इथंच उतरव" म्हणाला आणि त्यानं स्टिअरिंगच ओढलं. गाडी कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. आत बावन्न माणसं होती. डोमाजींनी पाणी प्यायलं, गाडी वर नेली, आणि त्या दिवसापासून बोनेटवर कोणाला बसू दिलं नाही. काही बोलायचं असेल तर त्यांचं उत्तर ठरलेलं. "गाडी उभी राहू द्या, मंग बोला."

त्यांचे साळे नत्थुजी वरूडचे, संत्र्याच्या बागेचे मालक. बावीस वर्षांपूर्वी, बहिणीच्या नवऱ्याची गाडी म्हणून ते एकदा ऐटीत बोनेटवर जाऊन बसले. डोमाजींनी भरल्या गाडीत त्यांना उठवलं आणि मागं धाडलं. नत्थुजी दोन वर्षं या घरी पाणी प्यायला आले नाहीत. ललिताबाई, डोमाजींची बायको, भावासाठी रडल्या. डोमाजी म्हणाले, "साळा हाय म्हणून घाट सरळ होत नाई."

सवलत फक्त एकाला होती. दुसऱ्या ड्रायव्हरला. ही त्यांच्या धंद्याची जुनी रीत. ड्रायव्हर माणूस प्रवासी म्हणून चढला, तर आधी पुढं जायचं, चालवणाऱ्याला राम राम नाहीतर जय भीम घालायचा आणि जे जवळ असेल ते, भाजलेले शेंगदाणे, पान, एखादं फळ, त्याच्यापाशी ठेवायचं. न भेटता मागं बसून राहिला तर तो घमेंडी ठरायचा.

त्यांची मुलगी प्रियदर्शनी. अमरावतीच्या राजापेठेत शिकवणीला जायची, तिथूनच एका इंग्रजी बोलण्याच्या वर्गाला चिकटली आणि विमानात नोकरीला लागली. अमरावतीहून विमान सुटू लागलं आणि तिची ड्यूटी त्यावर लागली, तेव्हा तिनं बापासाठी मुंबईचं जाण्यायेण्याचं तिकीट काढलं. तिला लागून आठ महिने झाले होते. कायम व्हायला अजून चार बाकी होते.

नत्थुजींनी वरूडहून संत्र्याची पिशवी पाठवली. डोमाजींनी त्यातली दोन निवडून दुपट्ट्यात बांधली. कोणासाठी, ते घरात कोणी विचारलं नाही.

विमान वर गेलं. खाली काळी जमीन, तिच्यात तुरीचे पिवळे पट्टे, आणि पूर्णेचं पात्र सुतळीएवढं. कमरेचे पट्टे बांधून ठेवायचा दिवा विझला. डोमाजी पहिल्या ओळीत होते. ते उठले, सदरा सारखा केला, चार पावलं पुढं गेले आणि पायलटच्या बंद दरवाजावर बोटाच्या पेरानं दोनदा वाजवलं. एसटीची काच वाजवतात तसं.

मागून कोणीतरी ओरडलं, "अहो, तो दरवाजा." एकानं मोबाईल वर धरला. दोघे उभे राहिले. प्रियदर्शनी मागच्या टोकाला पाण्याच्या बाटल्या काढत होती. ती धावली नाही, पण ती कशी आली ते कोणाला दिसलं नाही. दरवाजाला पाठ लावून ती उभी राहिली आणि हात पुढं केला.

"साहेब, मागं व्हा. आपल्या जागेवर बसा."

डोमाजींनी तिच्याकडं पाहिलं. "अवं, मी हावो ना."

"साहेब, बसा."

"डायवर हावो मी. दोन संत्रे देऊन—"

"ह्या दरवाजाला कोणीच हात लावायचा नाही. बसा."

तिचा आवाज वर गेला नव्हता. पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. लहानपणी खोटं बोलावंसं वाटलं की व्हायच्या तशा. डोमाजी वळले. पट्टा त्यांनी स्वतः लावला. दुपट्ट्याची गाठ मांडीवर धरून ते खिडकीबाहेर पाहत राहिले.

मागं आल्यावर तिच्यासोबतची वरिष्ठ हळूच म्हणाली, "वडील ना तुझे? रिपोर्टात काही लिहू नकोस. मी काही पाहिलं नाही."

तिला नियम पाठ होता. पायलटच्या दरवाजातून जो आत शिरायला पाहील, तो सगळ्यांत वरच्या गुन्ह्यात धरला जाऊ शकतो. मग त्याला विमानात बसायची बंदी येते. बापाच्या आयुष्यातलं हे पहिलं विमान होतं. न लिहावं, तर मोबाईलवाला होताच. आणि तो नसता तरी दरवाजा होता, त्याला लावलेली तिची स्वतःची पाठ होती.

तिनं आतला फोन उचलला. "कॅप्टन, दरवाजा वाजवणारा प्रवासी जागेवर बसलाय. एकदा सांगितल्यावर ऐकलं."

"कोण आहे?"

"माझे वडील."

कॅप्टन आरती म्हणाल्या, "रिपोर्ट लिही."

"लिहितेच आहे."

मुंबईत सगळे उतरले. डोमाजी बसूनच राहिले. मुलगी जवळ आली तेव्हा त्यांनी विचारलं, "रिपोर्ट केला?"

"केला, बाबा."

"नाव बरोबर लिवलं ना? आन् बापाचं नातं?"

"तेही लिहिलं."

"मंग ठीक हाय," ते म्हणाले आणि तिच्याकडं न पाहता दुपट्ट्याच्या मोकळ्या टोकानं तोंड पुसलं.

तेवढ्यात पायलटचा दरवाजा उघडला. तिशीतली एक बाई बाहेर आली. डोमाजी तिच्या मागं कोणी पायलट येतो का पाहत राहिले, मग त्यांना समजलं. कॅप्टन आरतींनी रिपोर्टचा कागद दाखवला. खाली त्यांनी लिहिलं होतं: हेतू वाईट नव्हता, प्रवाशाला समज देण्यात आली, कारवाई नको.

"समज दिली म्हणजे आता द्यायची आहे," त्या म्हणाल्या. "काका, पुन्हा नाही."

"नाई. पण बाई, गाडी आता उभी हाय ना?"

"उभी आहे."

डोमाजींनी गाठ सोडली.

पाच दिवसांनी परतीच्या विमानात ते हात गुडघ्यावर ठेवून बसले आणि अमरावतीला दार उघडेपर्यंत लघवीलाही उठले नाहीत. राजापेठेत चहाच्या गाड्यावर लोकांनी ढगांचं विचारलं. डोमाजी सांगत राहिले ते एकच. "सख्खा बाप. अन् म्हणते, साहेब, बसा."

वरूडहून नत्थुजी आले होते. त्यांनी कप खाली ठेवला. "भाटोजी, अखीन एक डाव सांगा बरं. बावीस वर्सं वाट पाह्यली मी ह्याची."

डोमाजींनी पहिल्यापासून सांगितलं.